नातीच्या दातांवरचे उभे पट्टे

सुनेच्या माहेरच्या पाण्यावर मी खोटा आळ घेतला, हे आधीच कबूल करते. तेव्हा मी अवघी अठ्ठावन्नची, शाळेत विज्ञान शिकवून नुकतीच निवृत्त झालेली. म्हणजे अक्कल यायला अजून पुष्कळ वाव होता.

नातीचे दुधाचे दात पडून नवे आले ते उभ्या पट्ट्यांचे. एक पट्टा पांढरा, शेजारचा पिवळा, खरबरीत. सून बाळंतपणाला माहेरी, नंदुरबारला चांगली वर्षभर राहिली होती. मी निकाल देऊन टाकला, "तिथलं बोअरचं पाणी भोवलं पोरीला!"

सून सिल्वासाजवळच्या राखोलीच्या कारखान्यात पॅकिंगला. आठ तास उभी राहून घरी यायची, वर माझं हे. बोलली काही नाही, पण दोन वर्षं लेकीला घेऊन माहेरी फिरकली नाही. तिची आई फोनवर रडायची. मी शेजारीच शेंगा सोलत ऐकायचे.

शेवटी आम्ही तिघी सिल्वासात दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

"पाण्याचं नाही हे. पाण्याचे डाग आडवे पडतात, असे उभे नाही," त्या म्हणाल्या. "दातावरचं कवच दात हिरडीच्या आत असतानाच घडतं. ते घडवणाऱ्या पेशी दात बाहेर येईतो संपतात. इथे मूळ जीनच बिघडलाय. वरून लेप देऊ आपण. हिच्या पप्पांचे दात कसे?"

"सगळेच पिवळे, झिजलेले," सून म्हणाली. "आई म्हणतात, गुटख्याने."

"गुटखा कसला! हा जीन एक्स क्रोमोसोमवर असतो. मुलाकडे एक्स एकच, म्हणून सगळे दात खराब. मुलीकडे दोन. काही पेशी चांगला वापरतात, काही बिघडलेला, म्हणून पट्टे. हिला तो पप्पांकडून आला. आणि पप्पांना त्यांच्या आईकडून."

मी ओठ घट्ट मिटले. त्यात माझा हातखंडा. मला बघायला आले तेव्हा मी तासभर हसले नव्हते, आणि सासूबाई "किती लाजरी मुलगी!" म्हणून भाळल्या होत्या. नोकरी लागल्यावर पुढच्या दातांना गुपचूप टोप्या बसवल्या. मागचे तसेच राहिले.

"आजी, तोंड उघडा ने जरा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सून खाली बघत होती. डोळे भरलेले. मग मात्र मी आ केला.

नात आत डोकावून ओरडली, "आजीला पण झेब्राचे दात!"

रिक्षात मी सुनेला म्हटलं, "चुकलं गं माझं."

ती म्हणाली, "आई, रविवारी तिघी नंदुरबारला जाऊ. तिथे तुम्ही नुसतं तोंड उघडून दाखवा. बोलायचं ते मी बोलेन."