वरच्या पायरीचं खत

थोरल्या सुनेचं डोकं मक्यानं खाल्लं होतं. डोंगराच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेतं. वरच्या तीन तिच्याकडे, खालच्या तीन धाकट्या दिराकडे. बी एकच, पाऊस एकच. तरी तिचा मका कावीळ झाल्यासारखा पिवळा आणि दिराचा असा तरारलेला, की बघून अंगाची लाही व्हावी!

खत काय ती कमी टाकत होती? छे! आभाळ भरून आलं की पदर खोचायची, टोपली कमरेवर घ्यायची आणि मूठमूठ युरिया फेकत सुटायची. पाऊस पडला की आपोआप मुरेल, एवढंच तिच्या डोक्यात. दिरानं मात्र तीन वर्षांत खताचा दाणा आणला नव्हता. "वहिनी, हाताला गुण असावा लागतो," असं वर तोंड करून म्हणायचा मेला!

यंदा सासऱ्यांनी सांगूनच टाकलं. "बारा पोती निघाली नाहीत, तर पुढच्या साली वरच्या पायऱ्याही धाकटाच कसेल."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवरा ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. त्या बांधांचा एकेक दगड तिनं स्वतः रचलेला. ती तडक खताच्या दुकानात गेली आणि दुकानदारावरच घसरली. "पोत्यात माती भरून विकता का हो?"

त्यानं आधी तिला बसायला स्टूल दिलं. मग विचारलं, "बाई, तुमच्या शेतातलं पाणी जातं कुठे?"

"जातंय कुठे! बांधाच्या तोंडातून खालच्या..." बोलता बोलता ती थांबली. "अगं बाई!"

तीन वर्षं ती पावसाच्या तोंडावर खत फेकत होती आणि पाणी ते धुऊन दिराच्या शेतात नेऊन घालत होतं. स्वतःच्या मूर्खपणाची तिला इतकी चीड आली, की दुकानातच रडू फुटलं.

मग तिनं उघडीप गाठली. खुरप्यानं मक्याच्या प्रत्येक ताटाशेजारी खळगा, त्यात चिमूटभर खत, वर माती. तीन पायऱ्या वाकून वाकून कंबरेचा काटा ढिला झाला. बघणारे हसले. हसोत!

कापणी झाली. ओसरीवर चौदा पोती लागली. ती सासऱ्यांना चहा देत होती, तेवढ्यात दीर तणतणत आला.

"वहिनी, यंदा खत फेकलंच नाहीत तुम्ही! माझा मका बसला ना पार!"

म्हणजे याला माहीत होतं. तीनही वर्षं! तिनं सासऱ्यांकडे पाहिलं. आता तरी ते याला चार शब्द सुनावतील.

"मामंजी, ऐकलंत?"

"ऐकलं," सासरे शांतपणे म्हणाले. "पायऱ्या तुझ्याकडेच राहतील, मी शब्द फिरवणार नाही. पण पुढच्या वर्षी खत आपलं पहिल्यासारखंच फेक. तोही घरचाच आहे."