डी.ओ. म्हणजे डॉक्टरच ना?

लिहिण्याचा अधिकार मला नाही, हे आधीच मान्य करते. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी कोणी पहिल्यांदा चार पाने लिहायला बसावे, आणि तीही अशी — याबद्दल क्षमा असावी. यजमानांना, मुलीला, सख्ख्या बहिणीला जे कधी सांगितले नाही, ते तुम्हाला सांगते आहे. तुम्ही मला ओळखत नाही; कदाचित म्हणूनच.

मी एमबीबीएस आहे. म्हणजे — होते. पुण्यात शिकले, दोन वर्षे दवाखाना चालवला, आणि यजमानांना सिंगापूरला बँकेत नोकरी लागली तेव्हा इकडे आले. माझी पदवी येथे चालत नव्हती. नंतर पाहू, मुलगी जरा मोठी झाली की पाहू, असे म्हणता म्हणता बारा वर्षे गेली आणि पाहायचे काही उरले नाही. मराठी मंडळात मात्र मी 'डॉक्टर वहिनी'च राहिले. कोणाच्या बाळाला ताप आला, कोणाला रिपोर्ट समजला नाही, की फोन मला. त्या एका हाकेवर मी जगत होते, असे म्हटले तर तुम्हाला हसू येईल का?

केतकी आली तेव्हा मोबाइलला अजून बटणे होती. तिचा नवरा जुरोंग आयलंडवरच्या तेल कारखान्यात इंजिनिअर, तीन वर्षांच्या करारावर. ती अमेरिकेत वाढलेली, तिकडेच डॉक्टर झालेली. आंग मो किओच्या आमच्या फ्लॅटमध्ये दर शनिवारी मुलांचा मराठीचा वर्ग भरे, तेथे ती मदतीला येई. तिच्या नावापुढे एम.डी. नव्हे, डी.ओ. — डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन — असे. त्याचा अर्थ तिने एकदा हजेरीच्या कागदामागे दोन रकाने आखून मला समजावला. अमेरिकेत डॉक्टर होण्याच्या दोन वाटा. अभ्यास तोच, रुग्णालयातली उमेदवारी तीच, औषधे देण्याचा नि शस्त्रक्रियेचा परवानाही तोच; फक्त डी.ओ.ला त्याशिवाय हाडे, सांधे, स्नायू हातांनी तपासून मोकळे करायला शिकवतात.

"इथे मॉलमध्ये पाट्या दिसतात ना, ते ऑस्टिओपॅथ वेगळे, काकू. ते डॉक्टर नसतात. नाव तेच, म्हणून सगळा घोटाळा होतो."

मला सारे समजले. हे कृपया लक्षात ठेवा — मला समजले होते.

त्याच दिवशी रक्तदाबाच्या एका औषधाविषयी मी काही तोऱ्यात बोलले, तर ती अगदी मऊ आवाजात म्हणाली, "काकू, ते आता सुरुवातीला देत नाहीत." खरेच देत नसावेत. पुस्तक उघडून मला किती वर्षे झाली होती? माझा खांदा वर जात नाही, हेही तिने न सांगता ओळखले. चार आठवडे तिने तो आपल्या हातांनी हळूहळू सोडवला. मी कित्येक महिन्यांनी स्वतःची वेणी स्वतः घातली — आणि मला केतकी नकोशी झाली.

येथे दवाखान्यात बसण्याची परवानगी तिच्या पदवीलाही नव्हती. पण वन-नॉर्थ भागातल्या एका औषध कंपनीत डॉक्टर हवा होता. रुग्ण तपासायला नव्हे, नव्या औषधांचे दुष्परिणाम पारखायला. "हे नाही मिळालं तर तीन वर्षं नुसती घरात, काकू," ती म्हणाली. "मग परत कोण दारात उभं करणार मला?" हे तिने मला सांगायला हवे होते का? ती वर्षे कशी जातात, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक होते?

त्या कंपनीत आमच्या मंडळातले भावे होते. एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. मुलीने रिसीव्हर माझ्या हाती दिला — "आई, फॉर यू लाह."

"वहिनी, केतकीचा अर्ज आलाय," भावे म्हणाले. "आमचे साहेब लंडनचे. ते म्हणतात, ऑस्टिओपॅथ म्हणजे पाठ दाबणारे. तुम्ही तिला ओळखता, शिवाय स्वतः डॉक्टर. तुम्ही म्हणाल तेच मी त्यांना सांगतो. डी.ओ. म्हणजे डॉक्टरच ना?"

एक 'हो' पुरे होते. मी भिडस्त बाई. धडधडीत खोटे मला बोलता येत नाही, असा माझा समज होता. मी आधी हलकेच हसले. मग म्हणाले, "पोर गुणी आहे हो. पण डॉक्टर म्हणजे — कसं सांगू? नाही. मान-पाठ मात्र छान मोकळी करते."

"बरं झालं विचारलं. तोंडघशी पडलो असतो."

येथेच सारे संपले असते, तर कदाचित मी हे लिहिले नसते. पंधरा दिवसांनी आमच्याकडे हळदीकुंकू होते. भाव्यांच्या बायकोने बातमी पसरवली होतीच. केतकी आत येते न येते तोच मंडळातली शुभदा म्हणाली, "काय गं, एवढी कला आणि लपवून ठेवलीस? आमच्या कंबरा काय अमेरिकेला पाठवायच्या?"

"नंबर लावा गं, नंबर लावा!" कोणी तरी ओरडले. हशा झाला.

केतकी हसली नाही. तिने माझ्याकडे पाहिले. त्या खोलीत तिच्याखेरीज खरे ठाऊक असलेली मी एकटीच होते, आणि मी बोलेन याची ती वाट पाहत होती. मी आत गेले. चटई आणली. सोफा सरकवून ती अंथरली आणि म्हणाले, "बघ ना जरा शुभदाची कंबर. हात चांगला आहे तुझा."

पदर खोचून ती खाली बसली. एकीमागून एक, पाच जणींच्या पाठी तिने दाबल्या. मी कॉफी फिरवत होते आणि — येथे पेन थांबते — मला बरे वाटत होते. फार बरे वाटत होते.

ती नोकरी तिला मिळाली नाही. दुसरीही मिळाली नाही. करार संपेपर्यंत मंडळातून तिला बोलावणी येत, ती पाठीसाठी. परत जाताना ती निरोप घ्यायला आली, वाकून नमस्कार केला. भाव्यांच्या फोनचे तिला कळले होते का? मला माहीत नाही. तीन वर्षे मला नुसते काकू म्हणणारी ती मुलगी लिफ्टपाशी वळून म्हणाली, "येते, डॉक्टर."

पुढे तिला कोणी दारात उभे केले की नाही, याची मी चौकशी केली नाही. खांदा अजून दुखत नाही. मला येथे अजून सगळे डॉक्टर वहिनीच म्हणतात. केतकी तुम्हाला कोठे भेटली, तर तिला तुम्ही काय म्हणाल?