आमचा बाळू टेम्पोत चढला नाही, त्याची गोष्ट

मला मेंढ्यानं मारलेलं आहे. बैलानं मारलं म्हटलं की लोक हळहळतात, म्हशीनं मारलं तर निदान पाणी तरी विचारतात. मेंढ्यानं मारलं म्हटलं की सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, "कुठं?"

आम्ही काळेवाडीत राहतो. घर आमचं स्वतःचं, तीन मजली आणि अंगानं इतकं बारीक, की वरून कुणी शिंकलं तर खालचा दिवा थरथरतो. मी चाकणच्या एका कंपनीत तपासणी विभागात आहे. जायला बस, यायला बस आणि दोन्हीकडे ट्रॅफिक. घरी पोचतो तेव्हा माझ्यात चप्पल काढण्यापुरता जीव शिल्लक असतो.

आई गेली आणि पाठोपाठ अप्पा, म्हणजे माझे वडील, कंपनीतून निवृत्त झाले. त्यानंतर त्यांनी बोलणंच सोडलं. जेवायला बोलावलं तर "व्हय", भाजी वाढू का विचारलं तर "न्हाई". दिवसभराचा हिशोब तेवढाच. मी आणि वैशाली (माझी बायको) काळजीत होतो, पण काळजी करायलासुद्धा अंगात जरा ताकद लागते.

मग एके दिवशी अप्पा आळंदीकडून रिक्षातून आले. मांडीवर धोतरात गुंडाळलेलं कोकरू. मेंढरांचा कळप पुढं गेला होता आणि हे लंगडं मागं राहिलं होतं.

"चार दिवस ठेवू," अप्पा म्हणाले. कित्येक महिन्यांतलं त्यांचं सगळ्यात लांब वाक्य होतं ते. आम्ही कसले नाही म्हणतोय?

मांजराएवढ्या त्या जिवाचं नाव त्यांनी बाळू ठेवलं. पाय बरा झाला, अप्पा बोलायला लागले, बाळू खायला लागला. पुढं तो स्कूटरएवढा झाला आणि डोक्यावर दोन्ही बाजूंनी जिलबीसारखी शिंगं वळली. नाव मात्र बाळूच राहिलं.

शिंगं आली, तशी ती वापरायची हौसही आली. बाळू खालच्या पार्किंगमध्ये असायचा. पहाटे तो लोखंडी गेटवर शिंगं घासायचा. तो आवाज ऐकून गल्ली उठायची. कडी शिंगानं वर उचलायला तो आपोआप शिकला. एकदा दोरीवरचा वैशालीचा परकर शिंगात अडकवून तो थेट चौकापर्यंत फिरून आला, आणि मला बसमधून उतरताच बसथांब्यावरच्या भाजीवालीनं तो घडी करून दिला. शेजाऱ्यांच्या बादल्या, कुंड्या, एका मोटरसायकलचा दिवा... मी माफी मागून मागून इतका दमलो होतो, की सवयीनं कंपनीत पण मागायला लागलो.

समोरचे शिंदेकाका टीव्हीवर प्राण्यांचे कार्यक्रम बघतात. ते म्हणाले, "संतोष, थोडा दम धर. शिंगं दरवर्षी गळतात."

त्या आशेवर आम्ही कितीतरी दिवस काढले. शेवटी बसमध्ये मोबाइलवर वाचलं, की गळतात ती चितळ-सांबराची. मेंढ्याची शिंगं जन्मभर राहतात आणि जन्मभर वाढतात! हे वाचून मी खिडकीला डोकं टेकलं, ते थेट चाकणला उचललं.

"त्याला माझ्या भावाकडे गावाला पाठवू," वैशाली म्हणाली. "मोकळं रान आहे. त्यालाही बरं, आपल्यालाही बरं."

मी अप्पांना सांगितलं. ते बराच वेळ बाळूच्या मानेवरून हात फिरवत राहिले.

"पाठवा," म्हणाले. त्या रात्री जेवताना पुन्हा "व्हय" आणि "न्हाई" सुरू झालं. वैशालीनं माझ्याकडे बघितलं, मी ताटाकडे बघितलं.

रविवारी छोटा टेम्पो आला. मागचा फाळका खाली पाडला, फळी लावली. बाळूला चढवायचं होतं. अप्पांनी हात लावणार नाही म्हणून सांगितलं आणि ते पायरीवर बसून राहिले. त्यामुळे दोर माझ्याकडे आणि सल्ला शिंदेकाकांकडे.

"चारा दाखव त्याला. चाऱ्यामागं येईल."

मी घासाची पेंडी घेतली, दोर सोडला आणि फळीवर चढलो. बाळूनं माझ्याकडे पाहिलं आणि तो दोन पावलं मागं सरकला.

"घाबरला," शिंदेकाका म्हणाले.

"घाबरला न्हाई," पायरीवरून अप्पा म्हणाले. "बोकड उभा राहून वरून मारतो, मेंढा मागं सरकून मारतो. संतोष, बाजूला हो."

"अप्पा, तुमचं बाळूवर प्रेम आहे म्हणून तुम्ही असं म्हणताय," मी समजुतीच्या सुरात म्हणालो. (हे वाक्य मला अजून कधीकधी आठवतं, विशेषतः लाकडी खुर्चीवर बसताना.) मग घास फळीवर पसरायला मी वाकलो. बाळूकडे पाठ करून.

मला आवाज ऐकू आला नाही. एवढंच कळलं, की मी फळीवर होतो आणि आता टेम्पोत आहे, गोणपाटांवर पालथा.

"गेला, गेला आत," शिंदेकाका ओरडले. बाळू पुन्हा मागं सरकत होता. तो माझ्यामागं आत शिरेल या भीतीनं काकांनी माझ्या रक्षणासाठी फळी ओढली, फाळका वर केला आणि खटकन कडी लावली. पुढं बसलेल्या ड्रायव्हरनं धाडकन आवाज ऐकला होता, टेम्पो हललेला त्याला जाणवला होता, 'गेला आत'ही ऐकलं होतं. कडी वाजली तसा तो निघाला.

टेम्पोला वरपर्यंत जाळी होती. मी ओरडलो, पण पुढं गाणी लागलेली. केबिनच्या मागच्या पत्र्यावर बुक्क्या मारल्या, तर आतून आवाज आला, "गप रं. गावात पोचलो की सोडतो."

सिग्नलला शेजारी एक मोटरसायकल थांबली. वर आमच्याच शिफ्टचा गणेश. त्यानं जाळी धरून उभ्या असलेल्या माझ्याकडे नीट पाहिलं.

"काय राव, रविवारी पण ओव्हरटाइम?"

"गणेश, ड्रायव्हरला सांग, मी मेंढा नाही."

त्याला यातलं काहीच उमगलं नसावं. तेवढ्यात सिग्नल सुटला.

पुढं चहाच्या टपरीवर टेम्पो थांबला. ड्रायव्हर पेला हातात घेऊन मागं आला आणि जाळीतून बघतच राहिला.

"मेंढा कुठाय?"

"घरी."

"मग तुम्ही?"

"मी मालक."

मग त्यानं अर्धा चहा मला जाळीतूनच दिला. परत येताना तो म्हणाला, पुढं बसा की भाऊ. मी म्हणालो, नको, मागंच बरंय. उभ्यानं येतो.

घरी आलो तर अप्पा गल्लीच्या तोंडाशीच उभे होते. बाळू बांधलेला होता.

"लई लागलं का?" त्यांनी विचारलं. मग घरात नेऊन पालथं झोपवलं, गरम मिठाच्या पाण्याचा शेक दिला आणि शेकता शेकता बोलत राहिले. आईबद्दल, जुन्या शिफ्टबद्दल, बाळूबद्दल. वैशाली दाराशी उभी राहून ऐकत होती.

"राहू द्या बाळूला," ती एवढंच म्हणाली.

गल्लीच्या टोकाला एक रिकामा प्लॉट होता. मालकाशी बोलून तिथं पत्र्याची शेड उभी केली आणि भक्कम दार लावलं. अप्पा सकाळ-संध्याकाळ तिथंच असतात. गल्ली हल्ली उशिरापर्यंत झोपते.

मागच्या आठवड्यात अप्पांना बहिणीकडे जायचं होतं. बाळूची जबाबदारी माझ्यावर. शिफ्ट करून, बसमध्ये उभा राहून मी शेडवर पोचलो. अप्पा आत बोलत होते. पाणी किती, घास कधी, मीठ कुठं, हे मला सांगायची तयारी चालली असेल असं वाटलं. म्हणून दाराशी थांबलो.

"दोन दिवस पोराला सांभाळून घे," अप्पा बाळूच्या कानाशी सांगत होते. "दमून येतंय बिचारं. त्याला आपल्यातलं काय बी कळत न्हाई. पाठ केली म्हणून लगीच मनावर घेऊ नगंस."

बाळूनं मान हलवली असं अप्पांचं म्हणणं आहे. मी घास टाकला, पाणी ठेवलं आणि मग दारापर्यंत, गल्लीतून आणि आमच्या तीन मजल्यांच्या जिन्यानंसुद्धा, उलटा चालत घरी आलो.