आचाऱ्याचा उजवा हात

आमच्या परंदवडीत लग्नाच्या हळदीला मटण आचारी भाऊंनीच करायचं. पातेल्यातला रस्सा उजव्या तळहातावर घेऊन ते चाटायचे आणि "जमलं" म्हणायचे. त्याशिवाय पंगत बसत नसे.

गेल्या वर्षी त्यांच्या पायाचा अंगठा लालबुंद सुजला. युरिक ॲसिड वाढलंय, मटण-कलेजी बंद, असं डॉक्टरांनी बजावलं. भाऊंनी खाणं सोडलं, करणं नाही.

परवा माझ्या पुतणीच्या हळदीला मी चुलीपाशी होतो. भाऊंनी सवयीने तळहातावर रस्सा घेतला, हात तोंडापाशी नेला आणि तिथंच थांबले. मग हात झटकला आणि वाटीत रस्सा घालून माझ्यापुढे धरला.

"अण्णा, मीठ बगा."

"जरा कमी वाटतंय."

त्यांनी मीठ टाकलं.

पंगती उठल्यावर ते हात धुवायला बसले. साबण लावून उजवा हात तीनदा धुतला, तरी पुन्हा हुंगून पाहिला.

"भाऊ, किती धुताय?"

"वास जात न्हाई. वास आला की मन ऐकत न्हाई."

मग त्यांनी घरून आणलेला डबा उघडला. दुधीची भाजी आणि भाकरी होती. उजवा हात मांडीखाली दाबून, माझ्याकडे न बघता, भाऊंनी डाव्या हाताने घास घेतला.