दुसरी बंदूक

करावे गावातले हे गृहस्थ हळदीच्या कार्यक्रमांत ढोलकी वाजवतात आणि रविवारी दुपारी मॉलच्या गेमझोनमध्ये बंदूक चालवतात. त्या गेममध्ये गाणं वाजतं आणि राक्षस चालून येतात. गोळी नेमकी ठेक्यावर सुटली तरच ते मरतात. मी नीट नेम धरतो आणि चुकतो. हे मात्र चप्पल बाजूला काढून अनवाणी पायानं ठेका धरतात, पडद्याकडे धड बघतही नाहीत.

"साहेब, डोल्यांनी नाय, पायानं खेला," म्हणत दुसरी बंदूक दर वेळी माझ्याच हातात देतात.

ती घेताना मला ओशाळल्यासारखं व्हायचं. आमच्या सोसायटीच्या खालच्या गाळ्यात त्यांची तालीम चालायची. आवाजाचा त्रास होतो म्हणून ती बंद करायला लावणारा अर्ज मीच लिहिला होता. आता त्यांची माणसं खाडीकाठी उन्हात बसून वाजवतात. त्या अर्जाचं त्यांना सांगायचा धीर मला कधी झाला नाही.

परवा आम्ही पहिल्यांदाच शेवटच्या फेरीत पोचलो. ठेका दुप्पट झाला, मागे गर्दी ओरडायला लागली आणि त्या भरात माझ्या तोंडून निघूनच गेलं, "दादा, तो अर्ज माझा होता!"

त्यांचा पाय थांबला नाही.

"मना म्हाईत हाय. पयली सही तुमचीच व्हती. आता मारा!"

मी मारली. राक्षस कोसळला, आम्ही दोघंही ओरडलो, आणि गाणं संपलं तरी माझा पाय त्यांच्या ठेक्यावर पडतच होता.