रिकाम्या खाटेचा रक्तदाब

पेणच्या एका खाजगी दवाखान्यात मी रिकाम्या खाटेचा रक्तदाब नोंदवला. एकशेवीस-ऐंशी. एवढी निरोगी खाट त्या वॉर्डात दुसरी नव्हती.

पस्तिशी उलटल्यावर नर्सिंग शिकून मिळवलेली ती माझी पहिली नोकरी. डॉक्टरांच्या फेरीआधी सगळ्यांचे चार्ट भरलेले हवेत. मी हुशार निघालो. कालच्या आकड्यांत दोन-चार इकडेतिकडे केले की बसल्या जागी काम तमाम. अक्षर मात्र सुरेख. मोठ्या सिस्टर इतरांना दाखवायच्या.

त्या खाटेवरचे काका गणपतीच्या मूर्तींचे डोळे आखायचे. चक्कर येते म्हणून दाखल झालेले. चतुर्थी तोंडावर, कारखान्यात मूर्ती डोळ्यांविना खोळंबलेल्या, आणि डोळ्यांना दुसऱ्याचा हात लागलेला काकांना खपत नसे. सकाळी सातलाच ते गुपचूप सटकले. आठला मी त्यांचा रक्तदाब लिहिला, नऊला पुन्हा लिहिला. साडेनऊला कारखान्यातून त्यांना, चक्कर येऊन पडून कपाळ फुटलेल्या अवस्थेत, घेऊन आले.

डॉक्टरांनी चार्ट पाहिला. "खाटेची नाडीही बघितलीत का हो?" एवढंच विचारलं. दुपारी मी घरी.

आठला खरंच मोजायला गेलो असतो, तर माणूस जागेवर नाही हे तरी कळलं असतं. काकांनी दोष दिला नाही. उलट आपल्यामुळे माझी नोकरी गेली म्हणून तेच हळहळले. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

मग रोह्यात नोकरी शोधू लागलो. "घरगुती अडचणीमुळे सोडली," असं दोन ठिकाणी सांगितलं. दोघांनीही पेणला फोन लावला. घरगुती अडचण तिथेच संपली. तिसऱ्या ठिकाणी, रोह्याला लागूनच्या अष्टमी गावातल्या छोट्या दवाखान्यात, डॉक्टरबाईंना सगळं खरं सांगून टाकलं.

"चक्कर येणाऱ्या माणसाला एकशेवीस-ऐंशी?" त्या म्हणाल्या. "खोटं तरी नीट लिहायचं!"

अट एकच: मी मोजायचं, मग तोच हात त्या पुन्हा मोजणार. सगळ्या पेशंटांसमोर.

"ब्रदर नवा हाय काय?" एकाने विचारलंच.

"शिकू दे गो बाय त्याला," खाडीकडची एक आजी डॉक्टरबाईंना म्हणाली. "माजा हात काय झिजत नाय."

चाळिशीच्या उंबरठ्यावर असा जाहीर सन्मान किती जणांच्या वाट्याला येतो?

चार महिने हे चाललं. एका सकाळी बाईंनी माझा आकडा वाचला, त्यावरून गोळी बदलली आणि पुढच्या खाटेकडे वळल्या.

"मॅडम, तुम्ही मोजलं नाहीत," मी मागून म्हणालो.

"तुम्ही मोजलंत ना?"

इतके दिवस याच क्षणासाठी झुरत होतो. आला तेव्हा तोच नकोसा झाला. आता माझ्यामागून कोणी तपासणार नव्हतं. बाई लांब गेल्याची खात्री केली, पेशंटला "जरा हात द्या" म्हटलं, आणि पुन्हा पट्टा गुंडाळला.