समुद्र दिसेपर्यंत

त्सेले गावात प्रवासाचं दुकान म्हटलं की एल्के वीबुशचं. एकतीस वर्षं ती लोकांना आगगाडीनं आणि बोटीनं युरोपभर धाडत होती. विमानाचं नाव काढलं की नाक मुरडायची. आल्यागेल्याला एकच ऐकवायची, "जिथं मी स्वतः गेले नाही, तिथं मी गिऱ्हाईक पाठवत नाही." आणि ते खोटं नव्हतं हो. दर वर्षी दोनदा बाई पाठीला पिशवी लावून निघायची. नार्विकला रेल्वेनं गेली, बर्गनहून बोटीनं किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरली, सिसिलीला जाताना अख्खी आगगाडी बोटीच्या पोटात शिरते तीही आत बसून अनुभवली. कुठल्या फलाटावर वारा बोचतो, कुठला सरकता जिना कायम बंद असतो, बोटीत कुठली खोली घेतली की पोट ढवळत नाही, सगळं वहीत टिपलेलं. वीबुशबाईंनी सांगितलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं गाव म्हणायचं. ते बाईच्या डोक्यात गेलं, दुसरं काय!

मार्चमध्ये ओटफ्रीड ल्यूमान दुकानात आले. छापखान्यातून निवृत्त झालेले, वय एकोणऐंशी, यंत्रांच्या खडखडाटात डावा कान गमावलेले. त्यांची बायको इर्मट्राउड नुकतीच गेली होती. ती मूळची उत्तरेकडची, समुद्राकाठची, आणि आपली राख समुद्रातच सोडा असं तिनं बजावून ठेवलं होतं. अंत्यसंस्कारवाल्यांनी कलश दागेब्यूलच्या बंदरावर परस्पर पोचवला होता. शुक्रवारी दुपारी दोनला तो घेऊन बोट सुटणार होती, आणि ल्यूमानना काहीही करून त्या बोटीवर असायचं होतं.

"हांबुर्गला एकदा गाडी बदला, की थेट धक्क्यापर्यंत," एल्के म्हणाली.

"तुम्ही गेलायत ना त्या गाडीनं?"

त्या बंदरावर ती पाचदा गेली होती, पण पाचही वेळा भावाच्या मोटारीतून. मागे दोन गिऱ्हाइकं ताटकळत उभी होती, त्यांचेही कान इकडेच. 'नाही' म्हणायला जीभ वळेना. "अहो, कितीदा! बिनधास्त बसा. समुद्र दिसेपर्यंत उतरू नका म्हणजे झालं." आणि म्हाताऱ्याला कॉफी जवळ पडावी म्हणून तिनं पुढच्या, जेवणाच्या डब्यालगतच्या डब्यात जागा राखून दिली.

आता त्या गाडीची गंमत अशी, की निब्यूल स्टेशनात ती तोडतात. मागचे दोन डबे बंदरावर जातात आणि उरलेली गाडी समुद्रातल्या बांधावरून सरळ झ्युल्ट बेटावर. एकदा जरी त्या गाडीत बसलेला माणूस हे कधी विसरायचा नाही.

सोमवारी ल्यूमान परत आले. टोपी हातात. "वीबुशबाई, माफ करा, मी सगळा घोळ घातला."

"म्हणजे? बोट..."

"चुकली. तुम्ही म्हणाला होता तसा समुद्र दिसेपर्यंत बसून राहिलो. आणि दिसला हो! दोन्ही बाजूंना दिसला. म्हणून उठलो, कोट घातला, टाय सारखा केला. तर तो समुद्र निराळाच निघाला." त्यांनी बोटीवाल्यांनी पाठवलेला नकाशा टेबलावर उलगडला. जिथं कलश सोडला तिथं लाल फुली होती. "मी कुठं चुकलो तेवढं सांगा. तुम्ही गेलेल्या आहात, म्हणजे चूक माझीच."

दोन्ही बाजूंना समुद्र म्हणजे झ्युल्टचा बांध, गाडी निब्यूलला तुटत असणार, हे एल्केला आत्ता उमगलं. आणि तोंडातून काय निघावं? "निब्यूलला सूचना झाली असेल बघा."

"झाली असणार. हा मेला कान!" त्यांनी कानावर चापट मारली. "फुलं कुणी टाकली असतील, एवढंच मनात येतं. तिच्या कुंडीतल्या फुलांच्या पाकळ्या बिस्किटांच्या डब्यात भरून मी गाडीत बसलेलो."

ते गेले आणि तिनं त्यांना जाऊ दिलं. बहिऱ्या माणसाच्या कानावर स्वतःचं पाप ढकलून ही बाई खुर्चीत बसून राहिली! दुपारचा पाव तसाच पडला. कुणी आलं की तिला वाटायचं, आता हा विचारेल, आणि मान वर होईना. एकतीस वर्षांच्या वह्या फडताळात उभ्या होत्या, तिकडे पाहायचीही लाज वाटली.

बुधवारी तिनं दुकान बंद ठेवलं आणि त्याच गाडीत बसली, मागच्या डब्यात. निब्यूलला धक्का बसून डबे सुटले. पुढची गाडी निघून गेली, आणि तिच्या खिडक्यांत तिला सगळीकडे टाय सारखा करणारा एक म्हातारा दिसत राहिला. भर डब्यात ती रडली.

धक्क्यावर तिनं बोटीचा कप्तान केटलसेन याला गाठलं. "पंधरा मिनिटं थांबलो बाई," तो म्हणाला. "ओहोटी कुणासाठी थांबते? घंटा वाजवली, टोप्या काढल्या, सोडला कलश."

"आणि फुलं?"

"फुलं घरची माणसं आणतात. घरचं कुणी नव्हतंच."

परतीच्या वाटेवर एक गोड थाप तिच्या मनात घोळत होती : कप्तानानं फुलं टाकली म्हणून सांगायचं, म्हाताऱ्याला तेवढाच दिलासा. पण एका थापेनं काय केलं ते ती नुकतीच बघून आली होती. शुक्रवारी सकाळी ती ल्यूमानच्या दारात उभी राहिली आणि उंबऱ्यावरच, त्यांच्या उजव्या कानाच्या बाजूनं, मोठ्यानं म्हणाली, "मी त्या गाडीनं कधीच गेले नव्हते. तुम्हांला खोटं सांगितलं. डबाही मीच चुकीचा दिला. तुमच्या कानाचा काही दोष नाही. आणि फुलं कुणीच टाकली नाहीत."

शेजारीण खिडकीतून डोकावली, तरी एल्के थांबली नव्हती. ल्यूमान वळले. आत गेले. आता दार लागणार, लागायलाच हवं, असं तिला वाटलं. ते बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन बाहेर आले. झाकण उघडलं, पाकळ्या पार वाळून गेल्या होत्या.

"त्या फुलीपाशी नातेवाइकांना पुन्हा नेतात म्हणे, मे महिन्यात," ते म्हणाले. आवाज कोरडा होता, नजर डब्यात. "कुठं बसायचं?"

"शेवटच्या दोन डब्यांत."

त्यांनी झाकण लावलं आणि पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाहिलं. "तुम्ही गेलायत ना त्या गाडीनं?"

"परवा," एल्के म्हणाली. "एकदाच."